केवलमूल्य म्हणजे "आतलं उणे काढून टाक"? भाचीची वही घेऊन बसलेय, मदत हवी

जांबोटीवाली | रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. वही समोरच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

भाची खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून दहावी झाली. मार्क चांगले पडले, सायन्सला गेली. आता बेळगावात पीयूसीचं पहिलं वर्ष. सकाळी बसने जाते, संध्याकाळी परत. तिथं सगळं इंग्रजीतून. दुसऱ्याच आठवड्यात फळ्यावर दोन उभ्या रेघांच्या मधलं काहीतरी आलं, सर त्याला "मॉड" म्हणाले आणि पुढच्या गणिताला लागले. शेजारी बसणारी मुलगी कन्नड माध्यमातली, तिच्या तोंडी "निरपेक्ष मौल्य". घरी येऊन मला विचारलं तर माझ्या डोक्यात "केवलमूल्य". एकाच वस्तूची तीन नावं, आणि तिन्ही ऐकून पोरीला एवढंच वाटलं की आपल्याला काहीच येत नाही.

मी तिला म्हटलं, "अगं सोपं आहे, आतलं उणे काढून टाकायचं." आणि पाच गणितं घातली. तिने लिहिलेली उत्तरं जशीच्या तशी देते:

|−७| = −७०
|−३ + ५| = ८
−|−४| = ४
क्ष = १ असताना २|क्ष − ६| = १४
|−क्ष| = क्ष

पहिल्याचं मला अर्धा तास कोडं पडलं. सत्तर आले कुठून? शेवटी तिलाच विचारलं. तिने ते "एक वजा एकाहत्तर" असं वाचलं होतं! वहीत ती इंग्रजी अंक काढते, त्यात उभी रेघ आणि एक ओळखूच येत नाहीत.

बाकीच्या चारांत मात्र तिने माझंच ऐकलंय. दिसेल ते उणे काढून टाकलंय. मी सांगितलं तसंच केलं आणि तरी चुकली, म्हणजे खोट माझ्या सांगण्यात आहे. ती मला दुरुस्त करायचीय. पाचव्याबद्दल तर माझीही खात्री नाही. ते बरोबर नाही का?

तिसरं गेट | रविवार, रात्री १०.०५

ताई, ती वही जपून ठेवा. हायस्कुलात तीस वर्षं गणित शिकवलं, याच पाच चुका दर वर्षी नव्या हातांनी लिहिलेल्या पाहिल्या.

आधी पहिली, कारण ती गणिताची चूकच नाही. आम्ही लहानपणी मराठी अंकांत गणितं करायचो. आपल्या १ ला वरती गोल डोकं आणि खाली शेपूट, त्यामुळे रेघेशी गल्लत होत नसे. इंग्रजी अंकांत ती होते. तिला सांगा, केवलमूल्याच्या रेघा वहीच्या वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत पूर्ण उंच ओढायच्या आणि मधले अंक त्यांच्या निम्म्या उंचीचे काढायचे. एकाला वरती टोपी आणि खाली पाट द्यायचा. आठवड्यात हाताला वळण लागतं.

आता मूळ गोष्ट. मी तिलकवाडीत राहतो, त्यामुळे माझी संख्यारेषा म्हणजे रेल्वेचा रूळ. दुसऱ्या गेटावर उभे राहा. तिथं शून्य. पहिलं गेट एका बाजूला, तिसरं दुसऱ्या बाजूला. गणितापुरतं असं धरू की दोन्ही गेटं पाचशे-पाचशे पावलांवर आहेत. तिसऱ्या गेटाची बाजू अधिक, पहिल्या गेटाची उणे. म्हणजे तिसरं गेट +५०० वर आणि पहिलं −५०० वर. आता सांगा, पहिल्या गेटाला जायला किती पावलं चालाल? पाचशे. उणे पाचशे पावलं कोणी चालत नाही.

केवलमूल्य हे "शून्यापासून किती लांब?" या एका प्रश्नाचं उत्तर आहे. "कुठल्या बाजूला?" हे ते विचारतच नाही. उणे काढून टाकणं हा त्या उत्तराचा कधीकधी दिसणारा परिणाम आहे, ती कृती नव्हे. तिला कृती म्हणून सांगितलं की पोर उणे शोधत फिरतं.

दुसरं गणित घ्या. |−३ + ५| मध्ये तिने उणे शोधलं, काढलं आणि आठ लिहिले. त्याऐवजी चालून बघू दे. शून्यावरून तीन पावलं पहिल्या गेटाकडे, मग पाच पावलं उलट. पोहोचली कुठे? दोनवर. शून्यापासून दोन लांब. उत्तर २. आधी पोहोचायचं, मग अंतर मोजायचं. म्हणजेच या रेघा कंसाचंही काम करतात. आतलं सगळं आटपून एकच संख्या उरेपर्यंत रेघांना हात लावायचा नाही.

तिसऱ्यात बाहेरचं उणे रेघांच्या हद्दीत नाही. |−४| म्हणजे ४, आणि बाहेरचं उणे तसंच उभं आहे, म्हणून −४. इथं "दोन उणे मिळून अधिक" वापरायची सवय घात करते. तो नियम −(−४) ला लागतो. −|−४| ला लागत नाही, कारण बाहेरचं उणे भेटायला येईपर्यंत आतलं उणे उरलेलंच नसतं.

चौथं: आधी क्षच्या जागी १ घाला. १ − ६ = −५. त्याचं अंतर ५. दोनदा ५, म्हणजे १०. तिने |क्ष − ६| चं क्ष + ६ केलं. तिथलं उणे हे चिन्ह नव्हतं, ती वजाबाकी होती.

पाचवं उद्या लिहितो. ते घाईने सांगण्यासारखं नाही.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट | सोमवार, दुपारी १.२०

सर, आमच्या शॉपमध्ये आम्ही रोज हेच करायलोय, त्याला हे नाव आहे हे आज कळलं.

ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं, शाफ्ट २५ एमएम, टॉलरन्स प्लस-मायनस ०.०२. जॉब लेथवरून उतरला की मायक्रोमीटर लावायचा. २५.०१ आला, पास. २४.९९ आला, पास. २४.९७ आला तर? |२४.९७ − २५| = |−०.०३| = ०.०३. दोन पॉइंटच्या वर गेला, बाजूला ठेवायचा. २५.०३ आला तरी तेच, तो पण बाजूला. दोघांचं केवलमूल्य सारखंच. तपासणारा माणूस आधी फक्त "किती चुकला" बघतोय, कुठल्या बाजूला ते नाही.

पण ताई, भाचीला पुढचं पण सांगा की. बाजूला ठेवल्यावर दोन्ही जॉब सारखे राहत नाहीत. २५.०३ वाला जाड आहे, तो परत मशीनवर चढवून साईजला आणता येतो. २४.९७ वाला बारीक झाला, त्याला माल परत कोण लावणार? तो भंगारात. म्हणजे चिन्हात माहिती होती. केवलमूल्य घेताना ती आपण आपल्या हाताने सोडून दिली. पास का रिजेक्ट एवढंच ठरवायचं असेल तर चालतं. नंतर ती लागली तर मूळ आकडा वहीत पाहिजे. म्हणून आम्ही रजिस्टरला आधी खरं माप लिहितो.

जांबोटीवाली | सोमवार, संध्याकाळी ७.००

उद्यमबागचे दादा, हे मी तिला वाचून दाखवलं. "चिन्हात माहिती होती" यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे |क्ष| = ५ एवढंच सांगितलं तर क्ष कुठला होता ते परत कळणारच नाही?" मी म्हटलं, नाही कळणार, ५ असेल किंवा −५. बरोबर सांगितलं ना मी?

उद्यमबाग सेकंड शिफ्ट | सोमवार, संध्याकाळी ७.२५

एकदम बरोबर.

निपाणी स्टँड | सोमवार, रात्री ८.४५

सर, पाचव्या गणिताच्या आधी माझी एक जुनी अडचण घ्या. पुस्तकात लिहिलेलं असतं की क्ष शून्यापेक्षा लहान असेल तर |क्ष| = −क्ष. एकीकडे म्हणता केवलमूल्य कधीच उणे नसतं, आणि उत्तरात ढळढळीत उणे लिहिता. शाळेत विचारलं होतं तेव्हा "तसाच नियम आहे" असं उत्तर मिळालं. मी पुढे कॉमर्सला गेलो, पण ते डोक्यातून गेलं नाही.

तिसरं गेट | सोमवार, रात्री ९.३०

तुमची अडचण आणि त्या मुलीचं पाचवं गणित एकच आहे, म्हणून दोघांना मिळून उत्तर देतो.

−क्ष दिसलं की आपण ते "उणे संख्या" असं वाचतो. तसं वाचू नका. "क्षची विरुद्ध संख्या" असं वाचा. क्षच्या पोटात ५ असतील तर −क्ष म्हणजे −५. पण क्षच्या पोटात −५ असतील तर −क्ष म्हणजे −(−५), म्हणजे ५. समोर आडवी रेघ असूनही संख्या धन आहे. उलट नुसता क्ष दिसतो बिनचिन्हाचा, पण त्याच्या आत −५ असू शकतात. अक्षर बाहेरून बघून आतलं चिन्ह कळत नाही. सगळा घोळ इथं आहे.

म्हणून क्ष ऋण असताना |क्ष| = −क्ष लिहिलं की त्याचा अर्थ: मूळ संख्या उणे होती, तिची विरुद्ध घ्या, धन मिळेल. नियम म्हणतो तसंच घडतं.

आता पाचवं. |−क्ष| = क्ष असं तिने लिहिलं. क्ष = −५ घालून बघा. डावीकडे |−(−५)| = |५| = ५. उजवीकडे −५. जमलं नाही. बरोबर उत्तर |−क्ष| = |क्ष|. क्ष आणि त्याची विरुद्ध संख्या शून्यापासून सारख्याच लांब असतात, एवढंच आपल्याला ठाऊक आहे. क्षची बाजू माहीत नसेल तर रेघा काढायचा हक्क आपल्याला नाही. रेघा तशाच ठेवणं हेही पूर्ण उत्तर असतं, आणि मुलांना तेच सगळ्यात जड जातं, कारण त्यांना वाटतं काहीतरी करायचं राहिलं.

एक गोष्ट मला फार वर्षं वाटत आली आहे, ती इथं लिहितो. ब्रह्मगुप्ताने इसवी सन ६२८ च्या आपल्या ग्रंथात धन आणि ऋण यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार यांचे नियम दिले. शब्दच बघा, धन म्हणजे जवळ असलेलं आणि ऋण म्हणजे देणं. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देण्याची रीत आहे. म्हणजे संख्येचं ऋणपण तिच्या अंगावर वेगळ्या खुणेनं दिसायचं. आज आपण एकाच आडव्या रेघेकडून तीन कामं करून घेतो. ८ − ३ मध्ये ती वजाबाकी आहे. −३ मध्ये ती संख्येचं चिन्ह आहे. −क्ष मध्ये ती "विरुद्ध घे" असं सांगते आहे. मोठ्यांना सवयीने फरक कळतो. पोरासमोर तीनही ठिकाणी तीच रेघ असते. ताई, तुमच्या भाचीने चौथ्या गणितात वजाबाकीला चिन्ह समजलं आणि पाचव्यात विरुद्ध संख्येला चिन्ह समजलं. तिला ही तीन कामं तीन रंगांच्या पेनांनी लिहायला लावा, दोन दिवस फक्त तेवढंच.

नळाची वाट | मंगळवार, सकाळी ८.१५

सरांच्या −क्ष ला मला आपल्या बेळगावातलंच उदाहरण सुचलं. पावसाळ्यात रोज पेपरात राकसकोपची पातळी येते. जलाशय भरतो २४७५ फुटांना. आमच्या घरी ती बातमी सगळ्यात आधी वाचतात, नळाला पाणी किती दिवसांनी येणार ते तिच्यावर अवलंबून.

समजा आजची पातळी २४६२. भरायला किती फूट राहिलं? १३. कोणी "उणे तेरा फूट" म्हणत नाही. |२४६२ − २४७५| = |−१३| = १३. आणि आपण मनातल्या मनात करतो काय? २४७५ मधून २४६२ वजा करतो. म्हणजे उलटवून घेतो. पातळीला प म्हणा. जलाशय भरलेला नाही तोवर प कायम २४७५ च्या खाली, म्हणून |प − २४७५| = २४७५ − प. हेच ना ते −(प − २४७५)?

तिसरं गेट | मंगळवार, सकाळी ८.५०

हेच. आणि यात एक बारकावा तुम्ही आपसूक सांगून गेलात. रेघा काढता आल्या, कारण प कुठल्या बाजूला आहे ते तुम्हाला आधीच ठाऊक होतं. मुलीला |क्ष − ६| दिलं आणि सोबत "क्ष हा ६ पेक्षा लहान आहे" असं सांगितलं, तर तिने ६ − क्ष लिहावं. ६ पेक्षा मोठा सांगितला तर क्ष − ६. काहीच सांगितलं नाही तर |क्ष − ६| तसंच ठेवावं.

चंदगड रस्ता | मंगळवार, दुपारी ३.३०

आम्ही हद्दीच्या पलीकडचे, पण बाजाराला बेळगावच. महाराष्ट्रात नववीच्या गणितात वास्तव संख्यांच्या धड्यात "केवलमूल्य" येतं, तोच शब्द ताईंच्या डोक्यात असावा. "मॉड" हा पुढचा. फ्रेंचमध्ये आर्गां यांनी १८०६ मध्ये संमिश्र संख्येच्या लांबीसाठी "मोड्यूल" शब्द वापरला, त्याच घराण्यातला हा मॉड. दोन उभ्या रेघांची खूण जर्मन गणिती वायरस्ट्रास यांनी १८४१ मध्ये वापरली. म्हणजे ब्रह्मगुप्ताचं धन-ऋण आणि या रेघा यांच्यात बाराशे वर्षांचं अंतर. भाचीला सांगा, गोष्ट जुनी आहे पण खूण तशी अलीकडची. ती बघून गोंधळायला होणं साहजिक आहे.

घटप्रभाकाठ | मंगळवार, रात्री ९.००

नमस्कार. माझी घरची भाषा कन्नड, मराठी गल्लीत शिकलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

त्या शेजारच्या मुलीचा "निरपेक्ष मौल्य" हा आमच्या पुस्तकातला शब्द. निरपेक्ष म्हणजे अपेक्षा नसलेलं. कुठल्या बाजूला आहेस याची अपेक्षा नाही, फक्त किती ते सांग. तुमच्या शब्दात केवल म्हणजे नुसतं. नुसतं मूल्य, चिन्ह बाजूला ठेवून. दोन्ही शब्द एकच गोष्ट दोन बाजूंनी सांगतात. मला तर वाटतं त्या दोघी मैत्रिणींनी आपापले शब्द एकमेकींना समजावून सांगावेत. मॉड या शब्दातून अर्थ कळत नाही, या दोन्हींतून कळतो. भाचीची वही मागे नाही, एक शब्द पुढेच आहे.

जांबोटीवाली | मंगळवार, रात्री ९.२०

घटप्रभाकाठ, तुमचं मराठी छान आहे, आणि शेवटचं वाक्य मी तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

चिकोडी क्लास | बुधवार, सकाळी ७.४०

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण मी क्लास घेतो, म्हणून कळकळीने सांगतो. पीयूसीत वेळ नसतो. एकेका चिन्हावर गोष्टी सांगत बसलो तर पोर्शन कधी होणार? मी मुलांना चार ओळी पाठ करायला लावतो: |−अ| = |अ|. |अ × ब| = |अ| × |ब|. |अ ÷ ब| = |अ| ÷ |ब|, ब शून्य नसताना. |अ|² = अ². एवढ्यावर सोपं रूप देण्याची निम्मी गणितं सुटतात. |−३क्ष| म्हणजे ३|क्ष|, |२क्ष − १०| म्हणजे २|क्ष − ५|. पाठ असलं की परीक्षेत हात थरथरत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आधी हा धीर लागतो, समज मागून येते.

तिसरं गेट | बुधवार, सकाळी ९.१५

धीराबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य, मनापासून. तुमच्या चारही ओळी बरोबर आहेत आणि त्या पाठ असाव्यात. माझी काळजी पाचव्या ओळीची आहे. ती कोणी शिकवत नाही, पोरं स्वतःच तयार करतात: |अ + ब| = |अ| + |ब|. गुणाकाराला चाललं, भागाकाराला चाललं, मग बेरजेला का नाही? पाठांतराला हे थांबवता येत नाही, कारण ती ओळ बाकीच्यांसारखीच दिसते. तिथं अंतराची समजच आडवी येऊ शकते.

सकाळची बस | बुधवार, संध्याकाळी ७.३०

नमस्कार. मी भाची. मावशीच्या शेजारी बसून हे खातं काढलं.

सरांनी लिहिलेल्या पाचव्या ओळीवर मी आज बसमध्ये विचार केला. खानापूर ते बेळगाव २६ किलोमीटर धरले. घरी शून्य. सकाळी २६ जाते. संध्याकाळी उलट येते, म्हणजे −२६. रात्री मी घरीच असते, २६ + (−२६) = ०, आणि |०| = ०. पण बस तर |२६| + |−२६| = ५२ किलोमीटर धावली. एकीकडे ०, दुसरीकडे ५२. म्हणजे ती ओळ खोटी.

मग मी असं पण बघितलं: एखादीला बेळगावला उतरून त्याच दिशेने आणखी ८ किलोमीटर जायचं असेल, तर |२६ + ८| = ३४ आणि |२६| + |८| = ३४. तेव्हा जमतं. म्हणजे दोन्ही एकाच बाजूला असले की जमतं, उलट बाजूंना असले की बेरजेचं केवलमूल्य कमी येतं. जास्त कधी येईल का ते मी शोधलं, सापडलं नाही.

चिकोडी क्लास | बुधवार, रात्री ८.१०

सापडणार नाही, बाळ. |अ + ब| हे |अ| + |ब| पेक्षा कधीच जास्त होत नाही. तुझं बसचं उदाहरण उद्या माझ्या बॅचला सांगणार आहे.

तिसरं गेट | बुधवार, रात्री ८.४०

पोरी, फार छान शोधलंस. आता सोपं रूप देण्यातल्या दोन-तीन जागा सांगतो.

५|क्ष| − २|क्ष| = ३|क्ष|. इथं |क्ष| ही एकच वस्तू आहे, पाच आंब्यांतून दोन गेले तसे. पण |क्ष| + |क्ष − १| याचं २|क्ष| − १ करू नकोस. आतली वस्तू वेगळी, रेघा सारख्या असल्या म्हणून ती एक होत नाही.

रेघांच्या आत रेघा आल्या तर: ||२ − ९| − १०|. सगळ्यात आतल्यापासून सुरू कर. २ − ९ = −७, त्याचं ७. मग ७ − १० = −३, त्याचं ३. कंसाला डावं-उजवं तोंड असतं, त्यामुळे जोडी कुठली ते कळतं. रेघेला तोंड नाही. म्हणून आतल्या रेघा आखूड आणि बाहेरच्या उंच काढ. छापील पुस्तकात गोंधळ वाटला तर पेन्सिलीने जोड्या जुळवून घे.

उणे किंमत घालताना ती कंसात घाल. क्ष = −४ असताना |−क्ष − १| म्हणजे |−(−४) − १| = |४ − १| = ३. कंस नाही घातला की दोन आडव्या रेघा चिकटतात आणि एक हरवते.

आणि एक पुढचं. (−५)² = २५, आणि √२५ = ५. गेले −५ आणि परत आले ५. म्हणून √(क्ष²) = क्ष असं लिहायचं नाही, √(क्ष²) = |क्ष|. पीयूसीत हे वारंवार भेटेल.

घरी करायला एक: क्ष = −४ असताना ३ − २|क्ष + १|.

सकाळची बस | गुरुवार, रात्री ८.०५

सर, केलं. −४ + १ = −३. |−३| = ३. दोनदा ३ म्हणजे ६. ३ − ६ = −३.

उत्तर उणे आलं. मी तीनदा करून बघितलं, तेच येतं. केवलमूल्याच्या गणितात उणे उत्तर येऊ शकतं का? का कुठे चुकलं?

तिसरं गेट | गुरुवार, रात्री ८.३०

चुकलं नाही. रेघांमधून ३ च बाहेर आले, ते उणे नव्हते. त्यानंतरची वजाबाकी बाहेरची. रेघा फक्त आपल्या आतल्यापुरतं सांगतात, पूर्ण राशीच्या उत्तराबद्दल काही कबूल करत नाहीत. तुझं तिसरं गणित, −|−४|, हेच होतं.

आता त्याच राशीत क्ष = २ घाल. उत्तर काय येतं ते बघ, आणि तसं का आलं ते मला सांग.

उद्यमबाग सेकंड शिफ्ट | गुरुवार, रात्री ११.५०

शिफ्ट सुटल्यावर वाचायलोय. मी पण करून बघितलं सर, पण उत्तर आधी तिला लिहू दे.

सकाळची बस | शुक्रवार, सकाळी ६.५५

बस यायला वेळ आहे म्हणून इथंच लिहिते.

क्ष = २ घातलं. २ + १ = ३, |३| = ३, ३ − ६ = −३. तेच उत्तर! आधी वाटलं हा योगायोग. मग संख्यारेषा काढली. −४ आणि २. शून्यापासून त्यांची अंतरं वेगळी आहेत, ४ आणि २. पण −१ पासून बघितलं तर −४ तीन पावलांवर, आणि २ पण तीन पावलांवर, दुसऱ्या बाजूला.

|क्ष + १| म्हणजे |क्ष − (−१)|. म्हणजे ते शून्यापासूनचं अंतर मोजतच नाही, −१ पासूनचं मोजतं. तुमचं दुसरं गेट सरकून −१ वर आलंय. आणि मावशीने दिलेल्या |क्ष − ६| मध्ये ते ६ वर होतं, राकसकोपला २४७५ वर, शाफ्टला २५ वर.

बस आली.